सातवी पास

आपल्या मंडळाच्या सभासद-नोंदवहीत नाव, पत्ता, वय यांच्यापुढे 'शिक्षण' असे एक सदर आहे. तेथे मी 'सातवी' असे लिहिले आहे. मंडळातील वयाने सर्वांत वडील अशा एक आजी आहेत, त्यांच्या नावापुढेही सातवीच आहे. पण त्यांनी ती 'व्ह. फा.' अशी लिहिली आहे, आणि कोणी विचारले तर त्या पदर सावरून, मान ताठ करून सांगतात, "मी व्हर्नाक्युलर फायनल पास आहे." मला मात्र तो शब्द उच्चारताना आवाज खाली घ्यावासा वाटतो. सातवी ती सातवीच; मग त्यांना एवढा तोरा का आणि मला एवढा संकोच का?

चिटणीसबाईंनी यंदा स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिहा" अशी गळ घातली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. राजेरजवाड्यांवर लिहिण्याची माझी योग्यता नाही. पण सातवीलाही इतिहास आहे, आणि तो मला थोडासा ज्यांनी सांगितला त्या आमच्या प्राथमिक शाळेतील बाईंविषयी लिहायची इच्छा पुष्कळ दिवसांची आहे. राहिलेला भाग मी दादरच्या वाचनालयातून आणि मंडळाच्या कपाटातून पुस्तके आणून, दुपारच्या वेळी वाचून जमवला आहे. भगिनींनी गोड मानून घ्यावा.

माझा जन्म १९८० सालचा, लालबागचा. शाळा म्युनिसिपालिटीची, पहिली ते सातवी. बाई आम्हाला तिसरी-चौथीला पूर्ण वेळ होत्या आणि पुढे सातवीला मराठी व इतिहास शिकवायला पुन्हा भेटल्या. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांना ते आवडले नसते. आम्ही त्यांना नुसते 'बाई' म्हणत असू. शाळेत बाया पुष्कळ होत्या, पण 'बाई' म्हटले की कोण, हे सगळ्यांना कळे.

बाई ठेंगण्या, सावळ्या, नेहमी सुती नऊवारीसारख्या जाड पोताचे पाचवारी लुगडे नेसत. पावसाळ्यात पुरुषी काळी छत्री. हातात खडू असला की त्यांचा आवाज वेगळा व्हायचा आणि मधल्या सुट्टीत वेगळा. शुद्धलेखन घालताना प्रत्येक वाक्य त्या तीनदा म्हणत: पहिल्यांदा ऐकण्यासाठी, दुसऱ्यांदा लिहिण्यासाठी, तिसऱ्यांदा "ज्यांचे लक्ष खिडकीत होते त्यांच्यासाठी". ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मारत नसत. तो शब्द पाटीवर मोठा काढायला लावून त्यावरून बोट फिरवायला लावत. 'स्त्री' शब्दातील दीर्घ वेलांटीवरून मी इतके बोट फिरवले आहे की आजही तो शब्द लिहिताना बोटाला खडूची भुकटी लागल्यासारखे वाटते.

आणि पाढे! तीसपर्यंतचे पाढे तर सर्वच शाळांत होते. बाई आम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, अडीचकी हे सगळे जुने पाढे शिकवत. ते पुस्तकात नव्हते आणि परीक्षेतही नव्हते. औट म्हणजे साडेतीन, हे आमच्या बरोबरीच्या दुसऱ्या तुकडीला माहीतच नव्हते. एक तपासनीस साहेब आले असताना म्हणाले, "बाई, हे आता कशाला? हे सगळे गेले." बाई म्हणाल्या, "साहेब, बाजारात अजून आहे."

बाईंची दुसरी एक आठवण सांगते, ती मला सर्वांत मोलाची वाटते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. मी शाळेत गेले १९८६ साली, म्हणजे मोठे वादळ होऊन गेल्यावर; पण पडझड चालूच होती. काही गिरण्या चालू झाल्या, काही झाल्याच नाहीत, आणि चालू झाल्या तेथेही जुन्या सर्वांना घेतले नाही. आमच्या वर्गातील मुलांचे वडील कोणी पहारेकरी, कोणी भाजीच्या गाडीवर, कोणी नुसतेच खाटेवर. वर्षाच्या मध्येच पट गळायचा. आज बाकावर असलेली मुलगी उद्या नसायची. चौकशी केली तर "गावाला गेली" एवढेच कळे. खोली भाड्याने देऊन किंवा विकून माणसे रत्नागिरीला, साताऱ्याला, सांगलीला परत जात होती.

अशा वेळी बाई काय करत? त्यांच्या पर्समध्ये पंधरा पैशांच्या पोस्टकार्डांचा गठ्ठा असे. मूल आठवडाभर आले नाही की शेजारच्या मुलाकडून गावचा पत्ता मिळवत आणि कार्ड टाकत. मजकूर ठरलेला: मुलीचे नाव शाळेतून काढलेले नाही, तिकडे शाळेत घातले असल्यास कळवावे, दाखला पाठवते, घातले नसल्यास ताबडतोब घालावे. खाली सही. कित्येकदा ते कार्ड आम्ही मुलेच शुद्धलेखन म्हणून लिहून देत असू. किती जणांची उत्तरे आली ते मला ठाऊक नाही. पण एकदा बाईंनी वर्गात एक उत्तर वाचून दाखवले होते, खेड तालुक्यातले. आमच्याच वर्गातील मुलीने स्वतः लिहिलेले, आणि त्यात 'स्त्री' नसले तरी 'शिक्षिका' शब्द होता आणि दोन्ही वेलांट्या बरोबर होत्या. बाईंनी ते कार्ड फळ्याच्या चौकटीत खोचून ठेवले.

मुलांना घरोघर जाऊन शाळेत आणावे लागते, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. मुंबईत मुलींची पहिली शाळा १८२४ साली अमेरिकन मिशनऱ्यांनी काढली. आपल्या लोकांनी काढलेल्या शाळा त्यानंतर पंचवीस वर्षांनी आल्या. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, हे आपण दर ३ जानेवारीला मंडळात ऐकतो. मुंबईचे मात्र आपल्याकडे कोणी फारसे बोलत नाही. येथे एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थी आणि तरुण शिक्षकांनी १८४८ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि दुसऱ्याच वर्षी, १८४९ साली, मराठी व गुजराती मुलींच्या शाळा उघडल्या. सुरुवातीला मुली किती? चव्वेचाळीस पारशी आणि चोवीस हिंदू. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. स्वतःची कामे सांभाळून ही तरुण मंडळी सकाळच्या वेळी फुकट शिकवत. दारोदार फिरून "मुली पाठवा" म्हणून विनवीत, आणि कोणाच्या जिन्यावरून हाकलूनही घेत. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट यांनी या कामाला आपली जागा आणि आपले वजन दोन्ही दिले. त्या काळी बाईने अक्षर गिरवले तर नवरा मरतो, असे लोक खरोखरच मानीत असत.

हे वाचताना माझ्या मनात आले ते एवढेच, की या सगळ्या शाळांत शिकवणारे पुरुषच होते. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला पुरुषमाणसापुढे बसवायला घर तयार नसे. म्हणजे मुलींची शाळा चालायची तर बाई हवी, आणि बाई तयार व्हायची तर आधी मुलींची शाळा चालायला हवी! पुण्यात सावित्रीबाईंनी हे कोडे स्वतःच सोडवले. स्वतः शिकल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे, म्हणजे त्या एकट्याही नव्हत्या. आणि त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. मांगमहारांच्या दुःखाविषयी तिने जे लिहिले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. बाईंच्या हातून एखादी अशी मुलगी निघाली तरी शाळेचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

मुंबईत हे कोडे सुटायला फार वर्षे लागली. १८६६ साली मेरी कार्पेंटर नावाच्या इंग्रज बाई येथे आल्या आणि त्यांनी सरकारच्या मागे लकडा लावला की स्त्री-शिक्षिका तयार करण्याची शाळा आधी काढा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. सदन पुढच्याच वर्षी पुण्याला गेले. मग १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापले आणि रमाबाई रानडे यांनी त्याचा भार उचलला. गावदेवीच्या त्या सेवासदनात शिकून कितीतरी मराठी बायका मास्तरणी झाल्या. विधवा, टाकलेल्या, किंवा घरची गरिबी असलेल्या. 'मास्तरीण' हा शब्द तेव्हा थोडा हिणवण्याचाच होता.

हे झाले गिरगावचे. आमच्या परळ-लालबागकडे गोष्ट निराळी होती. इकडे मुले शाळेत नव्हती, कारण मुले गिरणीत होती. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारण्यास घेतली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. गिरणीत लहान हातांना मागणी होती. १८८१ चा कारखाना कायदा झाला तो म्हणे मुलांच्या भल्यासाठी. त्याने काय दिले? सात वर्षांच्या आतील मुलाला कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. माझी नात्यातली एक पोर सात वर्षांची आहे. तिच्याकडे पाहते आणि नऊ तास मनात मोजते. १८९१ मध्ये वयाची अट नऊ झाली आणि तास सात झाले. बारा वर्षांच्या आत कामच नाही, असे व्हायला १९२२ साल उजाडले. शाळा मुलांची वाट पाहत होती ती अशी चाळीस वर्षे.

तेव्हा कायद्याने मुले गिरणीबाहेर आली आणि लगेच दुसरा कायदा त्यांना शाळेत न्यायला आला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० साली मुंबई शहरासाठी प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, आणि १९२५ साली सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू झाले ते प्रथम एफ आणि जी वॉर्डांत. एफ आणि जी म्हणजे कोण? आपणच! परळ, दादर, माहीम, वरळी, शिवडीचा हा सारा पट्टा. मलबार हिलच्या आधी सक्तीची शाळा आमच्या दारात आली, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगनेही परळला रात्रीच्या शाळा आणि बायकांसाठी शिवणवर्ग चालवले होते.

आता सातवीकडे येते.

जुन्या पद्धतीत चौथीनंतर दोन वाटा होत्या. ज्यांना ऐपत होती ते इंग्रजी शाळेत जात. बाकीचे मराठी शाळेतच राहत, आणि त्यांची शेवटची पायरी म्हणजे सातवी. ही सातवीची परीक्षा आपल्या शाळेत होत नसे. ती सरकारी असे, केंद्रावर जाऊन द्यावी लागे, निकालाला नंबर लागत. जुनी माणसे तिला 'मुलकी' म्हणत, नंतर 'व्हर्नाक्युलर फायनल' झाले. ती पास झालेला माणूस तलाठी होई, कारकून होई, आणि मुख्य म्हणजे प्राथमिक शाळेत शिक्षक होऊ शके. म्हणून आपल्या आजींचा तो तोरा. त्यांच्या वेळी सातवी म्हणजे हातात आलेली सनद होती.

या सातवीवर किती माणसे उभी राहिली! अनुताई वाघ यांचेच पाहा. जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. वडिलांनी हिंमत केली म्हणून शाळा सुटली नाही. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकल्या, नाशिक जिल्ह्यात मास्तरीण झाल्या, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवायचे आणि रात्रशाळेत शिकायचे, असे करून त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा वय होते एक्कावन्न, साल १९६१. आपल्यातील ज्या भगिनी "आता या वयात काय" म्हणतात त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

अनुताईंना पुढची वाट दाखवली ती ताराबाई मोडक यांनी, आणि ताराबाईंचे काम तर आपल्या दादरचेच. १९३६ साली त्यांनी हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. खेळातून, गाण्यातून, मातीकामातून शिकवायचे. छडी नाही, भीती नाही. पण ते दादरच्या सुखवस्तू घरांतील मुलांसाठी राहिले, हे त्यांना बोचले असावे. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या आणि अनुताई त्यांच्याबरोबर. गरिबांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असे त्यांनी ठरवले. 'अंगणवाडी' हा आज देशभर चालणारा शब्द त्यातूनच आला. पुढे १९५७ मध्ये दोघी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेल्या. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्या १९७३ मध्ये गेल्या, अनुताई १९९२ मध्ये.

दुसरे नाव आपल्याला घरचेच आहे: नारायण सुर्वे. १९२६ साली रस्त्यावर टाकलेले तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचलले, स्वतःचे नाव दिले आणि परळच्या चाळीत वाढवले. चौथीनंतर शाळा सुटली. पडेल ते काम केले, गिरणीत राबले, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिपाई झाले. ज्या शाळेत घंटा वाजवायची तिथेच अभ्यास करून ते मोठेपणी सातवी पास झाले आणि १९६१ साली नायगावच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षक म्हणून उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी त्यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' निघाले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते हेच सुर्वे मास्तर. त्यांच्या एका कवितेत एक आई मुलाचे नाव शाळेत घालायला येते आणि बापाच्या नावाशी अडते. अशी कविता पटावर नावे लिहिणाऱ्या माणसालाच सुचणार. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांचे 'मास्तरांची सावली' हे पुस्तकही भगिनींनी अवश्य वाचावे. आमच्या बाई मोठ्या अभिमानाने सांगत, "आमच्या म्युनिसिपालिटीच्या मास्तरांत एक कवी आहे."

मी सातवीला होते ते १९९२-९३ हे वर्ष. डिसेंबर-जानेवारीत दंगली झाल्या, १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले. त्यातला एक दादरला प्लाझाजवळ. शाळा कितीतरी दिवस बंद होती. बाई दादरहून चालत येत. वर्ग उघडला त्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली आणि एकेका नावापाशी थांबून "घरचे सगळे बरे?" एवढेच विचारले. धडा घेतला नाही. हजेरीलाच तास गेला.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. मी पास झाले, वर्गात चौथी आले. आमची शाळा सातवीलाच संपत होती. आठवीसाठी हायस्कुलात नाव घालायचे होते. मुलींना फी माफ झालेली होती, म्हणून फीचे कारण नव्हते. आमची आई पूर्वी खानावळ चालवायची. गाळ्यात राहणारे कोकणचे, घाटावरचे कामगार दोन वेळ जेवायला असत. अशा खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकांतून कर्ज मिळवून दिले, हे आपल्या मंडळींना माहीत आहेच. पण संपानंतर जेवणारेच गावी गेले. मग आई पोळ्या लाटून देऊ लागली. सकाळी शंभर, संध्याकाळी साठ. वडिलांना कायमचे काम नव्हते, दोन भाऊ लहान होते. लाटायला दुसरे हात पाहिजे होते, ते माझे होते. कोणी मला रागाने काढले नाही की मारून बसवले नाही. जून उजाडला आणि मी पोळपाटापुढे होते, एवढेच.

बाई जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या खोलीवर आल्या. जिना चढून दमल्या होत्या. आईने पाट दिला, पाणी दिले. मी लाटतच होते; तवा तापलेला होता.

बाई म्हणाल्या, "वहिनी, हिला आठवीत घाला."

आई म्हणाली, "बाई, आमच्या घरात एवढं कोणी शिकलंच नाही. सातवी झाली, पुष्कळ झालं."

तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो, मीसुद्धा सातवीच पास होते, वर्गावर उभी राहिले तेव्हा. १९५३ ची व्हर्नाक्युलर फायनल. ट्रेनिंग मागून केलं."

हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आईने पोळी उलटली आणि अगदी सरळ मनाने म्हणाली, "मग झालं तर! तुम्ही सातवीवर बाई झालात, आमच्या पोरीलाही तेवढं पुरे."

बाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग हसल्या, मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "माझंच बोलणं माझ्यावर उलटवलंत. वहिनी, तेव्हा सातवीच्या पुढे नोकरी होती. आता सातवीच्या पुढे नुसती आठवी आहे."

आईने ऐकून घेतले. वाईट तिलाही वाटले असणार; पण संध्याकाळच्या साठ पोळ्या व्हायच्या होत्या. बाईंनी फार ताणले नाही. त्या जाताना मला म्हणाल्या, "दिडकी विसरू नकोस, हिशेब तू ठेव." आणि तेव्हापासून पोळ्यांचा, पिठाचा, रॉकेलचा हिशेब मी ठेवू लागले. महिन्याकाठी एका हॉटेलवाल्याकडून पंचवीस-तीस रुपये कमी येत होते, ते माझ्या वहीमुळे पकडले गेले. पुढल्या वर्षी धाकट्या भावाला हायस्कुलात घालताना फॉर्म मीच भरला.

बाईंचे ते वाक्य मला समजायला वीस वर्षे लागली. सातवीची सरकारी परीक्षा बंद झाली. शिक्षक व्हायला आधी मॅट्रिक, मग बारावी आणि डी.एड. लागू लागले, आता त्यावर आणखी पात्रता परीक्षा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे झाले आणि प्राथमिकची हद्द आठवीपर्यंत गेली. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. चौथी-सातवीची स्कॉलरशिपसुद्धा मध्यंतरी पाचवी-आठवीला गेली होती. अंगणवाडीत मदतनीस व्हायचे तरी आता बारावी मागतात. ज्या अंगणवाडीची कल्पना सातवी पास अनुताईंच्या साथीने उभी राहिली, तिच्या दारात सातवी पास बाईला आज झाडू मारण्याचीही जागा नाही. शिक्षण वाढले हे चांगलेच झाले, माझी त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ज्या मुली मधल्या काळात, सनद गेली आणि सक्ती यायची होती अशा वेळी सातवीवर थांबल्या, त्या आमच्या पिढीच्या गिरणगावात पुष्कळ आहेत. आपल्या मंडळाच्या नोंदवहीतच चौदाजणी सापडल्या. त्यांच्यातील दोघींनी यंदा दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. त्या बुधवारी आणि शनिवारी दुपारी माझ्याकडे शुद्धलेखनाला येतात. मी प्रत्येक वाक्य तीनदा म्हणते.

बाई १९९६ साली निवृत्त झाल्या आणि मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. तरी दर वर्षी उन्हाळ्यात मसाल्यासाठी त्या लालबागच्या मिरची गल्लीत येत. "तिकडच्या मसाल्याला लालबागचा वास नाही," म्हणत. २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथेच भेटल्या, डंकाच्या समोर बाकड्यावर बसलेल्या, तोंडाला पदर, पायाशी पिशवी. माझ्याबरोबर माझी मुलगी होती, तिची सातवीची परीक्षा नुकतीच झाली होती.

"आठवीची पुस्तकं घेतलीत का?" बाईंनी पहिले हेच विचारले.

"शाळेतून मिळणार आहेत, बाई."

"बरं." मग मुलीला म्हणाल्या, "अडीचकी येते?" तिने माझ्याकडे पाहिले. तिला इंग्रजी शाळेत घातलेले, अडीचकी कुठून येणार? डंक धाडधाड चालू होता, मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांतून पाणी वाहत होते. बाई म्हणाल्या, "मग तू म्हण." आणि मी मिरची गल्लीत उभी राहून पहिल्यापासून दहापर्यंत अडीचकी म्हटली. सातवर थोडी अडखळले. बाईंनी बोट वर केले, मी पुन्हा सहापासून धरली.